'मी' नाही, तर मग बसतंय कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्षभर तुम्ही नियमाने ध्यानाला बसता आहात. अनात्माबद्दल, म्हणजे कशालाच 'मी' किंवा 'माझं' म्हणता येत नाही या बुद्धांच्या शिकवणीबद्दल, वाचलंत, प्रवचनं ऐकलीत. सुरुवातीला हलकं वाटलं, पण गेले दोन महिने आत काहीतरी रितं झाल्यासारखं वाटतंय. 'मी' म्हणून कोणी नसेलच तर ध्यान करतंय कोण, केलेल्या कर्माचं फळ कोणाच्या पदरात पडतं, आणि सकाळी उठून काही करण्याला अर्थ काय उरतो? मी २७ वर्षं बसतो आहे, त्यातली बरीच वर्षं इतरांनाही बसायला शिकवतो आहे. हे तिन्ही प्रश्न माझ्याही वाट्याला आले, आणि तिसऱ्याने मला बराच काळ हैराण केलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या रितेपणाबद्दल. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातलं बाविसावं सुत्त (प्रवचन), अलगद्दूपम, जरूर वाचा. त्यात बुद्ध एका माणसाचं वर्णन करतात. आत्मा शाश्वत आहे, मेल्यावरही तो तसाच टिकणार आहे, असं हा माणूस धरून बसलेला असतो. तो धम्म ऐकतो आणि त्याच्या मनात येतं, 'म्हणजे माझा उच्छेद होणार, माझा नाश होणार, मी उरणारच नाही!' तो शोक करतो, विलाप करतो, ऊर बडवून घेतो. तुमची भीती इतकी जुनी आहे, आणि ती तिथे नोंदवून ठेवली आहे. मला हे पहिल्यांदा सापडलं तेव्हा फार धीर आला होता. त्याच सुत्तात सापाचा दृष्टान्त आहे. साप शोधायला निघालेला माणूस त्याला शेपटीकडून धरतो, साप उलटतो आणि हाताला डसतो. दोष पकडण्याच्या रीतीत आहे. धम्म चुकीच्या बाजूने धरला तर असंच होतं, असं बुद्ध सांगतात. अनात्माची शेपटी म्हणजे 'मी नाही' हे मत. ते मत डोक्यात ठेवून माणूस बसायला लागला की डसणार हे ठरलेलं.

कारण 'आत्मा नाही' असं सरसकट उत्तर बुद्धांकडे थेट मागितलं गेलं होतं, आणि त्यांनी ते दिलं नाही. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, त्यांच्याकडे आला. 'आत्मा आहे का?' असं त्याने विचारलं. बुद्ध गप्प राहिले. 'मग आत्मा नाही का?' तरी गप्प. वच्छगोत्त उठून निघून गेला. बुद्धांचे शिष्य आनंद यांनी नंतर कारण विचारलं तेव्हा बुद्ध म्हणाले, की 'आहे' म्हटलं असतं तर मी शाश्वतवाद्यांच्या बाजूचा ठरलो असतो, 'नाही' म्हटलं असतं तर उच्छेदवाद्यांच्या, म्हणजे मेल्यावर सगळं संपतं म्हणणाऱ्यांच्या. आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त आणखी गोंधळात पडला असता. 'पूर्वी मला आत्मा होता, आता तो नाही' असं त्याला वाटलं असतं. हे शेवटचं वाक्य सावकाश वाचा. तुम्ही आज नेमके तिथेच उभे आहात. आधी काहीतरी होतं आणि ते कोणी तरी काढून नेलं, असं तुम्हाला वाटतंय.

मग त्यांनी शिकवलं काय? सारनाथला, तेव्हाच्या इसिपतनात, पाच जणांसमोर दुसरं प्रवचन झालं, ते अनत्तलक्खण सुत्त. कोंडञ्ञ, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजि हे ते पाच. त्यातली पहिली मांडणी अगदी साधी आहे. रूप, म्हणजे हे शरीर, आत्मा असतं तर ते त्रासाला कारण झालं नसतं, आणि 'माझं शरीर असं असू दे, असं नसू दे' हे म्हणणं चाललं असतं. पण ते चालत नाही. मग हेच वेदनेबद्दल (सुखद-दुःखद जाणवणं), संज्ञेबद्दल (ओळखणं), संस्कारांबद्दल (मनाच्या घडणी आणि सवयी), विज्ञानाबद्दल (जाणीव). रूप धरून हे पाच स्कंध, माणूस ज्यांचा बनतो ते पाच भाग. सगळा मुद्दा वश असण्याचा आहे. ज्याला तुम्ही माझं म्हणता ते तुमचं ऐकतं का?

यासाठी तत्त्वज्ञान नको, पाऊण तास न हलता बसणं पुरतं. गुडघा दुखू लागतो. 'माझा गुडघा दुखतोय' हा अख्खा विचार एकसंध येतो. त्याला हात न लावता जवळून बघत राहिलं तर तो उसवतो. एका जागी ठणका आहे, त्याच्या कडेला ऊब, मध्येच एक टोचणी, मग क्षणभर काहीच नाही. त्याच्याशेजारी, पण त्याहून वेगळं, 'हे थांबावं' असं एक ढकलणं आहे. तिसरीकडे चित्र आहे, गुडघा कायमचा निकामी झाल्याचं. 'थांब' म्हणून ठणका थांबत नाही. चित्रही 'येऊ नकोस' म्हणून यायचं राहत नाही. या सगळ्याचा धनी शोधायला गेलं तर आणखी एक विचार सापडतो, 'मी बघतोय' असं म्हणणारा. तोही येतो आणि जातो. या बघण्यात 'मी नाही' असं कुठेच ठरवावं लागत नाही. जे समोर आलं त्याबद्दल एवढंच म्हणायचं असतं: नेतं मम, नेसोहमस्मि, न मेसो अत्ता. हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही. त्यातला 'हे' महत्त्वाचा. तो दर वेळी समोरच्या एका कशावर तरी बोट ठेवतो. बोट ठेवायला काही नसताना हे वाक्य हवेत म्हणत राहिलं की तुम्हाला आलंय तसं रितेपण येतं.

पाच स्कंध ही यादी मी कित्येक वर्षं पाठ म्हणत होतो. ती मला कळली माझ्या वडिलांच्या आजारपणात. शेवटची चार वर्षं त्यांची स्मृती जात राहिली. आधी नावं, मग नाती. एका सकाळी त्यांनी मला 'अहो' म्हणून हाक मारली. जन्मभर 'अरे' म्हणणाऱ्या तोंडून 'अहो, जरा पाणी देता का?' ऐकलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. पण अंघोळ झाली की तेच वडील टॉवेलची घडी घालायचे. आधी उभी, मग आडवी, मग कडेवरून तळहात दाबून फिरवायचा. मी लहानपणापासून पाहिलेली घडी, तीच, तशीच. ओळखणारी संज्ञा गेली होती, हातातला संस्कार राहिला होता. कोमट पाणी पाठीवर पडलं की चेहरा सैल व्हायचा, म्हणजे सुखद वेदना होती. मी मात्र त्यांच्या आत डोकावून 'खरे वडील' शोधत होतो, जे अजून मला ओळखत असतील आणि फक्त बोलू शकत नसतील. माझं सगळं दुःख त्या शोधातून येत होतं. आणखी एक गोष्ट कळायला उशीर लागला. मी कोणाचा तरी मुलगा आहे हे माझं असणं त्यांच्या ओळखीवर टेकलेलं होतं. त्यांच्याकडून ते सुटलं तेव्हा माझ्याकडचंही लटपटलं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन यांनी पिता आणि पुत्र यांचं उदाहरण घेऊन विचारलंय, की कोणामुळे कोण? पुत्र पित्यामुळे, हे खरं. पण पुत्र झाल्याशिवाय पिता तरी कुठला? शून्यता म्हणतात ती ही. कोणतीच गोष्ट स्वतःच्या बळावर, सुटी, उभी नाही. शून्यतेचा अर्थ 'काहीच नाही' असा करणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि त्यांच्याशी मी याच टॉवेलवरून बोलायला सुरुवात करतो.

आता तुमचा पहिला प्रश्न, बसतंय कोण. याचं उत्तर मला संयुत्त निकायातल्या खेमक सुत्तात मिळालं. ते फारसं सांगितलं जात नाही, म्हणून नीट सांगतो. कोसंबीला घोसितारामात काही थेर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्खू राहत होते, आणि खेमक नावाचे भिक्खू जवळच बदरिकारामात आजारी होते. थेरांनी दासक नावाच्या भिक्खूबरोबर निरोप पाठवला, दुखणं सोसवतंय का? खेमक म्हणाले, नाही, वाढतच चाललंय. दासक पुन्हा आला. पाच स्कंधांपैकी कशाला तुम्ही आत्मा किंवा आत्म्याचं मानता का? नाही, कशालाच नाही. दासक परत फिरला आणि तिसऱ्यांदा आला. थेर म्हणतात, मग तुम्ही अर्हंत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालात की! आणि इथे खेमक जे बोलले ते मला साऱ्या पाली साहित्यातलं एक अत्यंत प्रामाणिक बोलणं वाटतं. नाही, मी अर्हंत नाही. यातल्या कशालाच मी 'हा मी' असं समजत नाही, तरी 'मी आहे' हे माझ्यातून गेलेलं नाही. दासक चौथ्यांदा आला. हे 'मी आहे' म्हणजे नेमकं काय? तेव्हा खेमक म्हणाले, पुरे ही ये-जा, माझी काठी आण. आणि तसेच आजारी, काठी टेकत, थेरांकडे चालत गेले.

त्यांनी दिलेलं उदाहरण कमळाच्या वासाचं आहे. वास पाकळीचा म्हणायचा, देठाचा म्हणायचा की केसरांचा? थेर म्हणाले, फुलाचा म्हणावं. तसंच हे 'मी आहे' रूपाचं नाही, वेदनेचं नाही, विज्ञानाचं नाही, पण स्कंधांच्या संदर्भात दरवळत राहतं. दुसरं उदाहरण मळक्या कपड्याचं. धोबी तो खारात, शेणात घोळून, चोळून स्वच्छ पाण्यात धुतो. कपडा साफ होतो, तरी त्याला खाराचा, शेणाचा बारीक वास उरतोच. मग मालक तो सुगंधी पेटीत ठेवतो आणि हळूहळू तोही वास जातो. स्कंधांचं उगवणं आणि मावळणं बघत राहणं, ही ती पेटी. हे बोलणं चालू असतानाच सुमारे साठ थेरांचं आणि स्वतः खेमकांचं चित्त आस्रवांतून, म्हणजे मनातल्या खोल मळांतून, मुक्त झालं, असं सुत्त सांगतं.

म्हणजे बसतंय कोण, याला माझं उत्तर असं: बसताना 'मी बसलोय' असं वाटणारच. तो वास आहे. तो असू द्या. पुस्तकातलं 'मी नाही' घेऊन त्याला हाकलायला जाऊ नका, कारण हाकलणाराही तोच असतो. मत बदलणं आणि वास जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्यामध्ये खेमकांसारख्या माणसालाही वेळ लागला. वर्षभरात तुमच्यातून तो गेला नाही म्हणून काही चुकलं असं नाही. आणि तो गेला आहे असं कोणी फार लवकर सांगू लागलं, तर मी जपून राहतो.

दुसरा प्रश्न कर्माचा. मज्झिम निकायातल्या महापुण्णम सुत्तात पौर्णिमेच्या रात्री भिक्खुसंघ बसलेला असताना एका भिक्खूच्या मनात हेच आलं: रूप आत्मा नाही, वेदना आत्मा नाही, विज्ञानही नाही, मग अनात्म्याने केलेली कर्मं कोणत्या आत्म्याला लागणार? बुद्धांनी ते ओळखलं आणि म्हटलं, तृष्णेने व्यापलेल्या मनाने शास्त्याच्या, म्हणजे गुरूच्या, शिकवणीच्या पुढे उडी मारल्यासारखं आहे हे. आणि लगेच भिक्खूंना विचारलं, रूप नित्य की अनित्य? म्हणजे पुन्हा बघायलाच लावलं. प्रश्नात 'कोणाला' हा शब्द आधीच बसलेला आहे. उत्तर काहीही दिलं तरी तो शब्द मान्य केल्यासारखं होतं.

तरी समजायला उपमा आहेत. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला यवन (ग्रीक) राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना विचारतो, की पुन्हा जन्मतो तो तोच की दुसरा? नागसेन म्हणतात, तोही नाही, दुसराही नाही. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग रात्री वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही. आंब्याच्या चोराचंही उदाहरण आहे. चोर म्हणतो, मालकाने जमिनीत लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, मग माझा गुन्हा कसा? पण हे आंबे त्याच आंब्यांतून आलेले आहेत, म्हणून चोर सुटत नाही. सातत्य आहे, आत बसून प्रवास करणारा कोणी नाही. साति नावाचा भिक्खू 'तेच विज्ञान जन्मोजन्मी फिरतं' असं सांगत सुटला होता, तेव्हा बुद्धांनी त्याला चांगलंच खडसावलं. लाकडावर पेटला तो लाकडाचा अग्नी, गवतावर पेटला तो गवताचा. तसंच विज्ञान ज्या कारणाने उपजतं त्याच्या नावाने ओळखलं जातं.

डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात आत्मा नाकारूनही कर्म आणि पुनर्जन्म कसे, ही विसंगती सोडवली पाहिजे असं स्पष्ट लिहिलं, आणि आत्म्याच्या संक्रमणाशिवाय तिची उकल मांडली. पुनर्जन्माबद्दल बौद्धांमध्ये आजही वेगवेगळी मतं आहेत आणि ती मांडणारी गंभीर माणसं दोन्हीकडे आहेत. या एका मुद्द्यावर तुमचं बसणं अडवून ठेवू नका, असं मी सांगेन. काल रागाने बोललेला शब्द आज सकाळच्या ध्यानात छातीवर दगडासारखा येऊन बसतो, एवढं फळ तर याच जन्मी, आजच दिसतं.

आता अर्थाचा प्रश्न. इथे मला तुम्हाला थोडं अडवावंसं वाटतं. तृष्णा तीन प्रकारची सांगितली आहे: कामतृष्णा, भवतृष्णा आणि विभवतृष्णा. हवं ते मिळावं, मी असावं, आणि मी नसावं. तिसरी फार सहज नजरेतून सुटते, कारण ती वैराग्याचे कपडे घालून येते. माझ्या ध्यानाच्या आठव्या-नवव्या वर्षी मला वाटत होतं की माझी आसक्ती गळून पडते आहे. मित्रांचे फोन घेत नव्हतो, जेवणाची चव लागत नव्हती, कशातच काही नाही असं ठामपणे बोलत होतो. ज्यांच्याकडे मी शिकत होतो त्यांनी एक दिवस फक्त विचारलं, 'कोणाचं दुःख पाहून तुला अजून वाईट वाटतं का?' मला उत्तर देता आलं नाही. ती अनासक्ती नव्हती. ती 'नको'ची पकड होती, आणि 'हवं'च्या पकडीइतकीच घट्ट. इतिवुत्तक या पाली ग्रंथात म्हटलंय, की काही जण भवात, म्हणजे असण्यात, रमून मागेच राहतात, काही भवाला विटून पलीकडे धावत सुटतात, आणि डोळे असलेले पाहतात.

म्हणून विचारतो. झोप लागते का? भूक आहे का? सकाळी उठणं जड जातं का, आणि जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? यातलं काही असेल तर ते अनात्माचं ज्ञान समजू नका. आधी डॉक्टरांना भेटा, आजच्या आज भेटा, घरच्या एका माणसाला सांगून ठेवा आणि लांबलांब बैठका तूर्त थांबवा. यात कमीपणा काही नाही. मीही तेव्हा उपचार घेतले होते.

ते तसं नसेल, तर मालुंक्यपुत्त या भिक्खूंची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. जग शाश्वत की अशाश्वत, जीव आणि शरीर एकच की वेगळे, तथागत (बुद्ध) मरणानंतर असतो की नसतो, असे दहा प्रश्न; यांची उत्तरं द्या, नाहीतर मी चाललो, असं ते म्हणाले. बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाची उपमा दिली, जो मारणाऱ्याची जात, गाव आणि धनुष्याचा प्रकार कळल्याशिवाय बाण काढू देत नाही. या गोष्टीचा 'फालतू प्रश्न विचारू नका' असा अर्थ लावतात, तो मला पटत नाही. उपमेत माणूस मूर्ख म्हणून येत नाही, जखमी म्हणून येतो. प्रश्नाच्या मुळाशी दुखतंय, आणि बुद्ध त्या दुखण्याकडे हात नेत आहेत. सब्बासव सुत्तात 'मी आहे का? मी नाही का? मी कोण आहे? हा जीव कुठून आला, कुठे जाणार?' हे प्रश्न जसेच्या तसे दिले आहेत, आणि त्यांना अयोनिसो मनसिकार, म्हणजे आडमार्गाने लावलेलं लक्ष, म्हटलं आहे. योग्य दिशेचं लक्ष तिथे कोणतं सांगितलंय? हे दुःख, हा त्याचा उगम, हा त्याचा निरोध, ही निरोधाकडे नेणारी वाट.

पालीत 'अत्थ' या शब्दाला अर्थ आणि हित असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत आपण 'अर्थ' म्हणतो तेव्हा जगण्याच्या मागे दडलेलं एखादं गुपित शोधतो, आणि ते सापडलं नाही की सगळं निरर्थक ठरवतो. 'यात हित आहे का, कोणाचं दुःख कमी होतंय का' असं विचारलं तर प्रश्न हाताशी येतो. वडिलांना मी अंघोळ घालत होतो तेव्हा तिथे त्यांच्या लेखी मुलगा नव्हता आणि माझ्या शोधाला सापडणारे वडीलही नव्हते. तरी पाणी फार गरम आहे का हे मनगटावर बघावं लागायचं, आणि ते बघताना 'कशासाठी' हा प्रश्न कधी उठला नाही.

आता करायचं काय ते सांगतो. महिनाभर अनात्मावरचं वाचन बंद ठेवा, हेही उत्तर बाजूला ठेवलंत तरी चालेल. सकाळी अर्धा तासच बसा. पहिली दहा मिनिटं मैत्री भावना, म्हणजे दुसऱ्याचं भलं होवो असं मनात धरणं, ओळखीच्या एका माणसापासून सुरू करून. उरलेला वेळ श्वास, आणि जे उठेल ते उठताना आणि मावळताना बघणं. 'मी नाही' असा विचार आला तर तोही विचारच, तोही येताना-जाताना बघा. संध्याकाळी रोज कोणाचं तरी एक लहान काम हाताने करा, भांडी घासणं, कोणाला दवाखान्यात सोबत करणं, काहीही. महिन्याने मला लिहा. काय वाटलं यापेक्षा काय दिसलं ते लिहा: कुठे, किती वेळ, आणि मग त्याचं काय झालं.